पिकअप नेमका गेला कुठे?

जुना सायलेन्सर काढायला पाना लागलाच नाही. मिस्त्रींनी हाताने एक हिसका दिला आणि तो मागच्या रबरी हँगरवर लोंबकळत राहिला. नळी जिथे डब्यात शिरते तिथला पत्रा बोटांत चुरा होऊन आला. महिनाभर मागून खुळखुळ ऐकू येत होती, तिचा उलगडा घरी आणून ग्राइंडरने तो उभा कापल्यावर झाला. आत तीन कप्पे, भोकं पाडलेल्या नळ्या, आणि मधला एक आडवा पत्रा सुटून मोकळा फिरत असलेला. तळाशी तांबूस चिखल. तो गंजला होता आतून, बाहेरून नव्हे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं, पण माझ्या गाडीचं बरंचसं आयुष्य पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत गेलेलं. डबा पुरता तापायच्या आत इंजिन बंद, आणि पाणी तिथेच.

म्हणजे नवीन सायलेन्सर लागणारच होता. आणि "लागणारच आहे तर" हे तीन शब्द माणसाला कुठे नेतील सांगता येत नाही.

गाडी साधीच. १.६ लिटर, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, पेट्रोल, टर्बो नाही. मेव्हण्याने आधीच कान भरले होते. "दाजी, कंपनी मुद्दाम गळा आवळून देते. मोठी नळी टाका, आरपार सायलेन्सर टाका, बघा कशी पळते." ऐकायला पटतं. इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. जेवढा सहज श्वास सोडेल तेवढा मोठा घेईल. मूळ नळीचा आतला व्यास ४५ मिलिमीटर होता, मी ६० ची करायला सांगितली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू मोडणारा डबा (थोडक्यात कॅट), जागेवर ठेवायचा, त्याच्या मागचं सगळं नवीन. मागचा डबा आरपारचा, म्हणजे मधून सरळ जाळीची नळी आणि भोवती काचतंतूंचं भरताड. मूळ डब्यात वायू कप्प्याकप्प्यांतून वळसे घेत जातो आणि आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून मरतात. आरपारच्या डब्यात वायू थेट निघतो आणि आवाजाचा वरचा, किरटा भाग तंतूंमध्ये मुरतो. खालचा, घुमणारा भाग मुरत नाही. हे मला नंतर भोवणार होतं.

काम दुपारभर चाललं. कॅटच्या मागचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते, दोन तापवून काढले, तिसरा तुटला. तो काढण्याच्या खटपटीत पुढची नळी बराच वेळ आधाराशिवाय लोंबत होती, तिच्यावर हातोडीचे दणके बसत होते आणि सगळा भार मॅनिफोल्डखालच्या, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या चार नळ्या एकत्र येतात त्याखालच्या, जोडावर येत होता. तिथे स्प्रिंगचे दोन बोल्ट आणि मध्ये एक गोल पॅकिंग असतं. तो जोड जरासा हललेला मी बघितला. मिस्त्रींनी बोल्ट आवळले आणि म्हणाले, "पॅकिंग चांगलं आहे, जुनंच चालेल." मी मान डोलावली. तेव्हा माझं सगळं लक्ष मागच्या चकचकीत नळीकडे होतं.

वळणं प्रेसवर दाबून काढलेली होती. अशा वळणात नळी आतल्या बाजूने चपटी होते. नंतर कॅलिपर लावून पाहिलं तर ६० ची नळी वळणावर एका दिशेने ५२ च्या आसपास भरत होती. आतून आधार देऊन वाकवलेली मँड्रेल वळणं मिळत असतील तर तीच घ्यावीत, पण ही अक्कल पैसे देऊन झाल्यावरची.

पहिल्या दिवशी किल्ली फिरवली आणि मी हसलो, हे कबूल करतो. गाडी तीच, पण छाती फुगवून उभी राहिल्यासारखी. पहिले दोन आठवडे मी शपथेवर सांगितलं असतं की गाडीला दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढलेत. मेव्हणा शेजारी बसला तर त्याने वीस सांगितले. आता मागे वळून बघताना दिसतं की त्या दिवसांत मी गिअर उशिरा बदलत होतो. आवाज ऐकायला बरा वाटायचा म्हणून जिथे २८०० ला बदलायचो तिथे ४५०० पर्यंत ताणत होतो. ४५०० ला कुठलीही गाडी जास्त जोर लावते. पळत होती ती माझ्या पायामुळे.

तिसऱ्या आठवड्यात चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, गाडीत चार माणसं असताना पहिल्यांदा शंका आली. २००० आरपीएमला पाय दाबला, आवाज भरून आला, पण गाडी पुढे सरकायला मागेना. आधी तिथे दुसरा टाकावा लागत नसे, आता लागला. मग टाकी भरताना हिशेब केला. लिटरला पंधरा मिळायचे ते तेरावर आले होते. उशिरा गिअर बदलण्याचा काही वाटा त्यात होता असं धरलं आणि आठवडाभर शहाण्यासारखी चालवली. तरी तेराच.

मिस्त्रींकडे गेलो. उत्तर तयार होतं. "साहेब, बॅक प्रेशर गेलं. एवढी मोठी नळी टाकली की खालचा पिकअप जातोच. इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतं." मेव्हण्याने लगेच बाजू बदलली. "हो दाजी, बॅक प्रेशर लागतंच." ज्याला विचारावं तो हेच सांगे, आणि इतक्या ठामपणे की प्रश्न विचारणाराच वेडा ठरावा.

मला ते पटेना. बॅक प्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा उलटा दाब. पिस्टन वर येताना जळका वायू बाहेर ढकलतो. समोरून दाब असेल तर ढकलायला जास्त कष्ट, आणि जो वायू आत उरतो तो ताज्या मिश्रणाची जागा खातो. यात इंजिनाला हवंसं काय आहे? इंजिनाला लागतो तो वायूचा वेग आणि लाटांची वेळ, आणि या दोन्ही गोष्टी बहुतेक कॅटच्या पुढेच ठरतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट नळीतून सुसाट निघते. गरम वायूत आवाजाचा वेग सेकंदाला ५०० ते ६०० मीटर असतो, थंड हवेतल्या ३४३ च्या बराच वर. ही लाट जिथे नळी एकदम रुंद होते तिथे पोचली की उलटून येते, पण उलट्या चिन्हाची, म्हणजे ओढ घेऊन. दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात त्या वेळी ती ओढ परत पोचली तर उरलासुरला वायू खेचून काढते आणि ताजं मिश्रण आत यायला हातभार लावते. थोडी आधी किंवा उशिरा आली तर उपयोग शून्य, कधी तोटाही. नळीची लांबी बदलत नाही, आरपीएम बदलत राहतो, म्हणून हा मेळ ठरावीक पट्ट्यातच बसतो. चार नळ्या आधी दोनांत आणि मग एकात आणणारी ४-२-१ मांडणी मधल्या पट्ट्याला जोर देते, चारही थेट एकात आणणारी ४-१ वरच्या. माझ्या गाडीला कंपनीनेच ४-२-१ दिलेला होता आणि त्याला कोणी हात लावला नव्हता.

याच लाटांचा सगळ्यात कमाल वापर टू-स्ट्रोकवाल्यांनी केला. पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात फुगीर पोटाची एक्झॉस्ट नळी घासूनपुसून इतकी नेमकी केली की १९६१ पर्यंत त्यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ हॉर्सपॉवर देत होतं. लिटरला २०० पडले, तेही टर्बोशिवाय. तिथे नळी हा इंजिनाचाच भाग आहे. माझ्या गाडीत कॅटच्या मागे जे बदललं तिथवर येईतो लाटा कॅटच्या बारीक छिद्रांत बऱ्याच विझलेल्या असतात. मग खालचा पिकअप एवढा कसा जाईल?

डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी लावली. रोलरवर पुढची चाकं, पट्ट्यांनी बांधलेली गाडी, बॉनेटसमोर माणूस उडेल असा पंखा. चौथ्या गिअरमध्ये खालपासून वरपर्यंत पूर्ण थ्रॉटल, तीनदा. तिन्ही वेळचे आकडे एकसारखे येत नाहीत हे पहिल्यांदा कळलं. इंजिनात जाणारी हवा थोडी तापली तरी एखादा हॉर्सपॉवर इकडेतिकडे होतो. चाकांवर ९७ हॉर्सपॉवर आले, ६००० च्या जवळ. २२०० ला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १०८ एनएम (न्यूटन-मीटर).

"आधीचे किती होते?" ऑपरेटरने विचारलं.

आधी मोजलेच नव्हते. आणि आधीचा सायलेन्सर तर मी उभा कापून ठेवलेला. सगळ्यात मोठी चूक कोणती म्हणाल तर ही, नळीची नाही.

पण त्या माणसाने ९७ कडे बघितलंच नाही, तो दुसऱ्या रेघेकडे बघत होता. मागच्या नळीत त्याने हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर घातला होता आणि खालच्या आरपीएमला लॅम्ब्डा ०.७९ दाखवत होता. १ म्हणजे हवा आणि पेट्रोल बरोबर मापात, वजनाने साधारण १४.७ ला १. पूर्ण थ्रॉटलला इंजिन थोडं जास्त पेट्रोल मागतं, ०.८६ ते ०.९ च्या आसपास जोर चांगला मिळतो. ०.७९ म्हणजे नुसतं पेट्रोल ओतणं. वर ५००० नंतर रेघ शहाणी होत होती. "नळी मोठी केल्याने असं होत नाही," तो म्हणाला. "हवा कुठून तरी चुकीच्या ठिकाणी शिरतेय. ट्रिम बघा."

घरी गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर होता, तो लावला. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने, इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, मूळ हिशेबावर कायमची वाढवलेली किंवा घटवलेली पेट्रोलची टक्केवारी. पाचच्या आत इकडे किंवा तिकडे असेल तर कोणी मनावर घेत नाही. माझ्याकडे आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, अधिक १६, २००० ला अधिक १२, ४००० च्या पुढे अधिक ३. ईसीयू बिचारा समजत होता की इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, आणि वाढवत सुटला होता. प्लग काढले, चारही काजळीने काळे. पेट्रोल भरपूर होतं. मग ईसीयूला उलटं कोण सांगत होतं?

पुढचा ऑक्सिजन सेन्सर. आणि तोही खोटं बोलत नव्हता. तो पेट्रोल मोजतच नाही, तो फक्त नळीतला उरलेला ऑक्सिजन बघतो. ऑक्सिजन जास्त दिसला की व्होल्टेज ०.१ कडे, कमी दिसला की ०.९ कडे. त्याच्या पुढे कुठे फट असेल आणि तिथून बाहेरची हवा आत आली, तर त्याला ऑक्सिजन दिसणारच. आता कोणी म्हणेल, नळीत तर दाब असतो, फटीतून वायू बाहेर जाईल, हवा आत कशी येईल? मीही तसंच समजत होतो. पण एक्झॉस्ट काही नळाच्या पाण्यासारखं सलग वाहत नाही, ते ठोक्यांनी येतं. प्रत्येक ठोक्याच्या मागोमाग दाबाचा खड्डा येतो, आणि त्या खड्ड्यात फट हवा आत ओढते. आयडलला, ८०० आरपीएमवर, चार सिलिंडरांचे मिळून सेकंदाला साधारण २७ ठोके, दोन ठोक्यांत ३७ मिलिसेकंदांची विश्रांती. ६००० ला २०० ठोके, मध्ये जेमतेम ५ मिलिसेकंद, आणि सरासरी दाबही चढलेला. म्हणून खाली घोळ आणि वर शहाणपण. ट्रिमचे आकडे तेच सांगत होते. अनेक ईसीयूंमध्ये हा शिकलेला आकडा पूर्ण थ्रॉटलच्या हिशेबातही लागू होतो, म्हणून चढावर पाय दाबला तरी तेच जादा पेट्रोल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली असताना, बॉनेट उघडून सुरू केली आणि मेव्हण्याला मागच्या नळीच्या तोंडाशी जाड चिंधी धरायला लावली, हातमोजे घालून. मागचा गोंगाट दबल्यावर पुढे बारीक टिकटिक ऐकू आली. टॅपेटसारखी, पण टॅपेट नव्हे. तीन-चार मिनिटांत धातू तापून फुगला आणि टिकटिक गायब. नवीन सायलेन्सर इतका गर्जत होता की तीन आठवडे ही टिकटिक कोणाला ऐकूच आली नव्हती. जुन्या शांत डब्यात मी पहिल्या सकाळीच पकडली असती.

जागा शोधायला मग व्हॅक्यूम क्लीनर आणला. त्याच्या हवा फेकणाऱ्या तोंडाचा पाइप मागच्या नळीत घुसवून भोवती चिंध्या कोंबल्या, आणि बंद इंजिनात हवा उलटी भरली. मी गाडीखाली साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली घेऊन. माझ्याच नव्या वेल्डवर संशय होता, म्हणून मागून सुरुवात केली. एक, दोन, तीन जोड कोरडे. कॅटचा फ्लॅन्ज (बोल्टने आवळायची जोडाची चकती), तुटलेला बोल्ट बदललेला तो, तोही बरा. मॅनिफोल्डखालच्या त्या गोल पॅकिंगवर फवारा मारला आणि वरच्या बाजूने फेस उसळायला लागला, बुडबुड्यावर बुडबुडा, लहान मुलाने फुंकल्यासारखा. टॉर्च वळवून पाहिलं तर फ्लॅन्जवर काजळीची पंखाच्या आकाराची काळी खूण. पॅकिंगची एक कड नखाएवढी उडालेली. सेन्सर त्याच्या वीतभर खाली.

"हे का?" मेव्हणा म्हणाला. "एवढंसंच?"

नवीन पॅकिंग, नवीन स्प्रिंग-बोल्ट, फ्लॅन्जचं तोंड पॉलिश पेपरने साफ. ईसीयूची शिकलेली मेमरी पुसली. आठवड्याने ट्रिम आयडलला अधिक ३, बाकी सगळीकडे अधिक २ च्या आत. चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढला. मोकळ्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ४५०० ला गळती असताना ९.२ सेकंद लागत होते, आता ८.८. मिस्त्रींना उडालेली कड दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "तरी पण बॅक प्रेशर थोडं पाहिजेच." काही समजुती साबणाच्या पाण्याने धुतल्या जात नाहीत.

एक हिशोब राहिला होता. मूळ मापाचा नवा सायलेन्सर आणि नळी मिळवली आणि डायनोवर एकाच दिवशी दोन्ही लावून बघितलं. बोल्ट नवे आणि त्यांना जाम होऊ नयेत म्हणून अँटी-सीझ लावलेलं, त्यामुळे अदलाबदल तासाभरात झाली. शिवाय पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी, तेवढ्यापुरता, तांब्याच्या वेटोळ्या नळीतून एक प्रेशर गेज जोडला. नळी यासाठी की गेजपर्यंत वायू गार व्हावा आणि ठोके जरा सपाट व्हावेत, नाहीतर काटा नुसता थरथरतो.

मूळ नळी, वर ९५ हॉर्सपॉवर, २२०० ला ११२ एनएम, ६००० ला सरासरी दाब ०.२२ बार. मोठी नळी, वर ९७, २२०० ला १११, दाब ०.१२ बार. त्या खालच्या एका एनएमवर मी पैज लावणार नाही, दोन धावांत तेवढा फरक असाच पडत होता. वरचे दोन हॉर्सपॉवर मात्र प्रत्येक धावेत दिसले. एका कागदावर गणित मांडून पाहिलं. १.६ लिटरचं इंजिन ६००० ला सेकंदाला ५० वेळा आपला सगळा वायू बाहेर टाकतं, म्हणजे ८० लिटर. ढकलण्याचा दाब ०.१ बारने कमी झाला तर वाचलेली ताकद ८०० वॅट. जेमतेम एक हॉर्सपॉवर. उरलेला एक आत अडकणारा वायू कमी झाल्याने मिळाला असावा. मेव्हण्याला कागद दाखवला तेव्हा तो म्हणाला, "वीस कुठे गेले मग?" मी कानाकडे बोट दाखवलं.

टर्बोच्या गाडीचं गणित वेगळं आहे, हे न्यायाने सांगायला हवं. तिथे टर्बाइन फिरते ती पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागचा दाब कमी केला की टर्बो लवकर भरतो, आणि ईसीयूचा मॅप त्याप्रमाणे बदलला तर आकडा खरंच हलतो. त्याच दिवशी डायनोवर अशी एक गाडी होती. तिच्या मालकाचा चेहरा माझ्यापेक्षा खूप समाधानी होता.

ऑपरेटरच्या मदतनिसाने हळूच कॅट काढायचं सुचवलं. "अजून दोन-तीन मिळतील." मिळालेही असते कदाचित. पण त्या डब्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या पातळ थरावर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं मोडतात. तो काढायचा म्हणजे मागच्या गाडीतल्या माणसाच्या नाकात सोडायचं. शिवाय मागचा ऑक्सिजन सेन्सर त्यासाठीच बसवलेला असतो, तो लगेच दिवा पेटवतो. मग त्याला फसवायला आणखी काहीतरी. गळतीच्या दिवसांत तीन आठवडे जे जादा पेट्रोल त्या कॅटमधून गेलं त्याचंच मला वाईट वाटत होतं.

आता ती घुमणारी खालची पट्टी. हायवेवर २७०० आरपीएमला गाडीत असा घूम भरायचा की अर्ध्या तासात कानशिलं ठणकत. चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेरीला दोनदा फुटतं, २७०० ला सेकंदाला ९० वेळा. ९० हर्ट्झ, नेमका जो भाग काचतंतू गिळत नाहीत, आणि गाडीच्या आतल्या पोकळीला आवडतो. बायको म्हणाली, "एक तर ही नळी काढा, नाहीतर मी मागून बसने येते."

उपाय सोपा आणि सुंदर आहे. मुख्य नळीला बाजूने एक आंधळी शाखा जोडायची, शेवटचं तोंड बंद. तिची लांबी त्या आवाजाच्या लाटेच्या पाव भाग ठेवली तर आत गेलेली लाट बंद टोकावर आपटून परत येईपर्यंत अर्धी फेरी मागे पडते आणि मूळ लाटेला नेमकी छेदते. वायूला अडथळा काहीच नाही, कारण शाखेतून काही वाहतच नाही. मागच्या भागातला वायू २३० अंशांच्या आसपास असेल असं धरलं, म्हणजे आवाजाचा वेग ४५० मीटर. भागिले चार गुणिले ९०. सव्वा मीटर. तेवढी शाखा लावली, गाडी चालवली, आणि घूम तसाच. उलट २४५० च्या जवळ गाडी एकदम गप्प झाली, जिथे मला काहीच त्रास नव्हता.

ध्यानात यायला एक रात्र लागली. शाखेतून काही वाहत नाही, तर आतला वायू तापेल कसा? तो तिथेच बसून गार होतो. गार वायूत आवाजाचा वेग कमी, म्हणून शाखा प्रत्यक्षात खालच्या सुराला लागली होती. बरं झालं की आधी लांब केली होती, कापता तरी आली. बंद टोकाच्या जागी सरकणारी टोपी लावली, तीन-तीन सेंटीमीटर आत ढकलत गेलो, प्रत्येक वेळी तोच हायवेचा तुकडा. ११२ सेंटीमीटरला २७०० चा घूम असा गेला जणू कोणी खिडकी बंद केली. तिथे वेल्ड मारला. त्या लांबीवरून उलटा हिशेब केला तर शाखेतला वायू १३० अंशांच्या जवळपास निघतो.

त्या वेल्डनंतर एक ठकठक सुरू झाली ती मात्र मीच पकडली. दोन मीटरची स्टेनलेस नळी ३०० अंशांनी तापली की सेंटीमीटरभर लांबते, आणि शाखेचं टोक तापल्यावर मागच्या क्रॉसमेंबरला, गाडीच्या तळाच्या आडव्या दांडीला, टेकत होतं. हँगर एक भोक मागे घेतला.

मोठी नळी अजून गाडीला आहे. दोन हॉर्सपॉवरसाठी नाही, खरं सांगायचं तर आवाजासाठी, आता तो ऐकण्याजोगा झालाय म्हणून. परवा मेव्हणा पुन्हा शेजारी बसला. जरा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "दाजी, पूर्वी पळत होती तशी आता नाही पळत." मी स्टॉपवॉच त्याच्या हातात दिलं. ८.८.

सकाळी गार इंजिन सुरू केलं की मी अजून बॉनेटपाशी थांबतो, टिकटिक ऐकू येते का बघायला. शेजारच्यांना वाटतं, नवा सायलेन्सर ऐकतोय.